थिबाराजाची उधारी

स्मरणिका समितीने मला शाळेच्या आठवणी लिहायला सांगितल्या होत्या. पण मधल्या सुट्टीतल्या चिंचा, गळके वर्ग आणि स्नेहसंमेलनातली फजिती यांवर बाकीचे सगळे लिहिणार, आणि माझ्यापेक्षा बरंच लिहिणार. मी पडले कॉम्प्युटरवाली. मला हिशेब जुळला नाही की झोप येत नाही. गेली काही वर्षं आपल्या रत्नागिरीतला एक जुना हिशेब माझ्या डोक्यात अडकून बसला आहे, म्हणून त्यावरच लिहिते. समितीने सांभाळून घ्यावं.

नववीत असताना आपला वर्ग थिबा पॅलेस बघायला चालत गेला होता, आठवतंय? इतिहासाच्या बाई पुढे, रांग मोडू नये म्हणून पी.टी.चे सर मागे. बाईंनी ब्रह्मदेशाचा राजा, इंग्रजांनी त्याला इथे कैदेत ठेवलं, वगैरे सांगितलं. मागच्या रांगेतून कोणीतरी राजाच्या मुलीबद्दल आणि पहारेकऱ्याबद्दल काहीतरी पुटपुटलं आणि आपण सगळ्या जणी तोंडावर ओढण्या घेऊन हसलो. मीही हसले. त्या हसण्याकडे मी शेवटी परत येणार आहे, पण आधी राजाबद्दल.

थिबाचा जन्म १८५९चा. बाप मिंदोन, ब्रह्मदेशचा राजा, राजधानी मंडाले. मिंदोनला राण्या पुष्कळ आणि मुलगेही पुष्कळ. त्या गर्दीत थिबा कुठेच पुढे नव्हता. त्याच्या आईवर राजाची मर्जी उरली नव्हती. मंडालेत एका इंग्रज मिशनऱ्याने काढलेली शाळा होती, तिथे तो काही काळ शिकला. मग मठात गेला, चीवर घातलं, पालीतले धर्मग्रंथ अभ्यासले आणि त्यातली कठीण परीक्षा उत्तम उतरला. आपल्या भाषेत सांगायचं तर अभ्यासू, मागच्या बाकावर गप्प बसणारा मुलगा. गादी त्याला नको होती की हवी होती हे कोणी विचारलंच नाही. १८७८मध्ये मिंदोन गेला तेव्हा एका वजनदार राणीने आणि मंत्र्यांनी मिळून हाच मुलगा निवडला. गरीब स्वभावाचा राजा सगळ्यांनाच सोयीचा असतो. त्या राणीची मुलगी सुपायालत, म्हणजे त्याचीच सावत्र बहीण, त्याची पट्टराणी झाली. राजाचं वय एकोणीस.

पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १८७९मध्ये, राजवाड्यात कापाकापी झाली. गादीवर हक्क सांगू शकतील असे भाऊ, बहिणी, त्यांची पोरंबाळं अशी सुमारे ऐंशी माणसं मारली गेली. हुकूम थिबाने दिला की त्याच्या नावावर दुसऱ्यांनी, यावर इतिहासकार अजून भांडतात. मला स्वतःला वाटतं की त्याला सगळं नसलं तरी पुरेसं ठाऊक होतं. आपल्या गावात राजाबद्दल हळहळ व्यक्त करताना हा भाग कोणी सांगत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगते.

त्याचं राज्य गेलं ते लाकडापायी, आणि त्या लाकडाचा धागा मुंबईपर्यंत येतो. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही मुंबईत उभी राहिलेली इंग्रज कंपनी ब्रह्मदेशच्या जंगलातून सागवान तोडून नेत असे. जितके ओंडके नेले तितक्यांचे पैसे भरले नाहीत, असा दावा १८८५मध्ये थिबाच्या दरबाराने केला आणि तेवीस लाख रुपयांचा दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्त हवंच होतं. उत्तर ब्रह्मदेशात फ्रेंचांचं वजन वाढत होतं, आणि ते त्यांना खुपत होतं. नोव्हेंबरात इंग्रजी फौज आगबोटींतून इरावती नदीने वर सरकली. लढाई म्हणावी इतकी लढाई झालीच नाही. साधारण दोन आठवड्यांत सगळं संपलं. २९ नोव्हेंबर १८८५ रोजी राजा आणि राण्या बैलगाड्यांतून नदीकाठी आल्या, दुतर्फा रडणारे लोक, आणि बोट खाली निघाली. त्या गडबडीत राजघराण्याचा मोठा माणिक नाहीसा झाला. तो आपण एका इंग्रज अधिकाऱ्याच्या हवाली केला होता, असं थिबा पुढे जन्मभर अर्जांतून सांगत राहिला. माणिक परत मिळाला नाही.

काही महिने मद्रासेत काढले. तिथे तिसरी मुलगी झाली. मग एप्रिल १८८६मध्ये राजा, दोन राण्या, तीन मुली आणि चाकरमाणसं असा लवाजमा रत्नागिरीत उतरला. सुपायालतची धाकटी बहीण सुपायागले ही दुसरी राणी. चौथी राजकन्या पुढच्या वर्षी इथेच जन्मली, म्हणजे जन्माने ती आपली गाववाली.

रत्नागिरीच का? आपलं गाव तेव्हा दहा-बारा हजार वस्तीचं. रेल्वे नाही, आणि ती यायला पुढे शंभराहून जास्त वर्षं लागणार होती. दहावीनंतर मी बाहेर पडले तेव्हाही आपण रात्रभर एस.टी.तच बसत होतो, हे पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. मागे सह्याद्री, पुढे समुद्र. आगबोट बंदराबाहेर उभी राहायची, मग पडावातून माणसं मांडवीला उतरायची. जूनपासून चार महिने तीही बंद. म्हणजे भिंत न बांधता तुरुंग तयार. एखादा सर्व्हर नेटवर्कपासून तोडून ठेवतात ना, तसा इंग्रजांनी एक राजा तोडून ठेवला. त्याआधी त्यांनी दिल्लीचा बादशहा रंगूनला नेऊन ठेवला होता आणि तो १८६२ला तिथेच गेला. आता रंगूनकडचा राजा आपल्याकडे.

इथून माझ्या हिशेबाची वही सुरू होते.

त्या काळचं आपलं गाव कशावर जगत होतं? थोडी भातशेती, नाचणी, मासळी, माड, आंबा, कचेरी आणि कोर्ट. पण जिल्ह्याचं खरं पीक म्हणजे माणसं. ती मुंबईला जायची. गिरणीत, गोदीत, पोलिसांत, पलटणीत. पोस्टाची मनीऑर्डर १८८० साली सुरू झाली आणि मग दर महिन्याला खाकी पिशवीतून घरोघरी पैसे येऊ लागले. माझे पणजोबा आणि आजोबा दोघेही परळच्या गिरणीत होते. आजी मनीऑर्डरवर सही करायला शिकली, तेवढीच तिची साक्षरता. तिच्या बोलण्यात महिन्याची तारीख नसायची. पैसे यायच्या आधी आणि पैसे आल्यावर, एवढंच कॅलेंडर.

थिबाही असाच मनीऑर्डरवर जगणारा माणूस, फक्त रक्कम मोठी आणि पाठवणारं सरकार. त्याला ठरलेला तनखा मिळायचा. तो इथे काही पिकवत नव्हता, विकत नव्हता, कमवत नव्हता. खर्च मात्र राजाचा. आधी बरोबर आलेले ब्रह्मी नोकर एकेक करून कंटाळून मायदेशी परतले आणि त्यांच्या जागी आपली मराठी माणसं लागली. पहारेकरी, गाडीवान, मोतद्दार, माळी, स्वयंपाकघरातल्या बायका. तांदूळ, मासळी, दूध, सरपण, घोड्यांचा चारा, कापडचोपड, आणि शिवाय पावसाळ्याची बेगमी. ज्या गावात उसनं पीठ वाटीने मोजून परत जायचं, तिथे हे घर म्हणजे सर्वांत मोठं गिऱ्हाईक होतं. शिवाय हे गिऱ्हाईक दुसऱ्या गावच्या बाजाराला जाऊ शकत नव्हतं. सरकारच्या परवानगीशिवाय त्याला गावाची वेस ओलांडता येत नव्हती. भाव करायची सवय नाही, भाषा येत नाही, दुसरं दुकान नाही. अशा गिऱ्हाइकाशी दुकानदार कसा वागतो हे मी वेगळं सांगायला नको.

तनखा पुरेना. मग दागिने बाहेर निघाले. मंडालेहून जे काही लपवून-सांभाळून आणलं होतं ते, माणकं, हिरे, सोनं, एकेक करून गावातल्या आणि बाहेरच्या सराफ-सावकारांकडे गेलं. पडत्या भावाने गेलं, हे तेव्हाच्या सरकारी अधिकाऱ्यांच्याही लक्षात आलं होतं. दागिने संपत आले तसं कर्ज वाढलं. कर्जाची बातमी वर गेली की सरकार थोडं फेडायचं, राजाला तंबी द्यायचं, खर्चावर देखरेख वाढवायचं. राजा पुन्हा अर्ज करायचा. तनखा वाढवा, माझा माणिक द्या, मला दुसरीकडे न्या. व्हाइसरॉयपर्यंत अर्ज गेले. तीस वर्षं हेच.

गावात अजूनही अमक्याच्या घरी थिबाचा माणिक आहे, तमक्याचा चिरेबंदी वाडा थिबाच्या सोन्यावर उभा राहिला, अशा गोष्टी आपण ऐकल्या आहेत. खऱ्या किती, खोट्या किती, ते देव जाणे, आणि कोणाच्या वाड्याकडे बोट दाखवायचा माझा हेतू नाही. पण एवढं खरं की त्या माणसाकडची संपत्ती या गावात आली आणि तो कर्जबाजारी होऊन इथेच मेला. वहीतली ही नोंद मला पुसता येत नाही.

एक समजूत मात्र दुरुस्त करते, कारण नववीत मीही ती पेपरात लिहिली होती. थिबा तीस वर्षं थिबा पॅलेसमध्ये राहिला नाही. पहिली चोवीस वर्षं तो भाड्याच्या बंगल्यांतच होता. आपण बघायला गेलो तो लाल राजवाडा १९१०मध्ये तयार झाला. उतरत्या कौलांचा, कमानदार खिडक्यांचा, जांभ्याच्या गावात ऐटीत उभा. त्यात ब्रह्मी सागवान वापरलं असं सांगतात. खरं असेल तर ज्या लाकडापायी राज्य गेलं तेच त्याच्या डोक्यावर छप्पर होऊन आलं. वरच्या सज्जातून भाट्याची खाडी आणि समुद्र दिसतो. तिथे बसून तो येणाऱ्या-जाणाऱ्या बोटी बघायचा असं सगळेच सांगतात, आणि यावर मात्र मला शंका नाही. दुसरं करण्यासारखं त्याला होतं काय? त्या घरात त्याला जेमतेम सहा वर्षं मिळाली. धाकटी राणी १९१२मध्ये गेली. डिसेंबर १९१६मध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, थिबा गेला.

माझ्या नोकरीत एकदा आमचा अख्खा विभाग एकाच परदेशी गिऱ्हाइकावर चालत होता. ते गेलं आणि सोमवारी सकाळी चाळीस जणांना घरी पाठवलं, त्यात मीही होते. तेव्हापासून मला राजवाड्यातले ते गडी आठवतात. बापाच्या जागी मुलगा लागलेला, दुसरं काम कधी केलेलं नाही. राजा गेला, तीन वर्षांत कुटुंब परतलं, आणि इतक्या वर्षांचा पगार बंद. त्यांच्याबद्दल कोणी काही लिहून ठेवलेलं मला सापडलं नाही. त्यांच्यातले बरेच पुढच्या बोटीने मुंबईला गेले असतील, असा माझा अंदाज. आपल्या गावाला दुसरा रस्ता ठाऊकच नव्हता.

मरणानंतरही त्याची सुटका झाली नाही. सुपायालतला नवऱ्याचा आणि बहिणीचा देह मायदेशी न्यायचा होता. सरकारला भीती की समाधीपाशी ब्रह्मी लोक गोळा होतील. शेवटी १९१९मध्ये तिच्या मनाविरुद्ध दोघांना रत्नागिरीतच पुरलं गेलं. मग सुपायालत रंगूनला गेली आणि १९२५मध्ये वारली. मंडाले तिला पुन्हा दिसलं नाही.

आता मुलींकडे येते. थोरली राजकन्या फाया जी. मंडालेहून निघाली तेव्हा पाच वर्षांची. चौघीही इथेच वाढल्या, मराठी बोलायला शिकल्या. लग्नासाठी राजरक्ताचा ब्रह्मी मुलगा पाहिजे, आणि रत्नागिरीत तो कुठून येणार? सरकारनेही शोध घेतला, जमलं नाही. वयं वाढत गेली. दुसरीने बापाच्या मृत्यूनंतर एका ब्रह्मी माणसाशी स्वतःच्या मर्जीने लग्न केलं आणि कालिम्पाँगला संसार थाटला. आईने तिला माफ केलं नाही. थोरलीचं मन राजवाड्याच्या फाटकावरच्या गोपाळ सावंत या पहारेकऱ्यावर बसलं. तो विवाहित होता. १९०६मध्ये त्यांना मुलगी झाली, टूटू.

१९१९मध्ये फाया जी आईबरोबर ब्रह्मदेशात गेली खरी. पण राहिली नाही. मुलीला घेऊन ती परत रत्नागिरीला आली.

इथे मी नेहमी थांबते. त्या सगळ्या कुटुंबाने तीस वर्षं एकाच गोष्टीसाठी अर्ज केले, आम्हाला इथून बाहेर काढा. आणि बाहेर पडल्यावर एकटी फाया जी आपल्या पायांनी परत आली. तिला हे गाव तुरुंग वाटलं नसावं. किंवा वाटलंही असेल, पण माणूस इथे होता. पुढचे दिवस सुखाचे नव्हते. तिच्या नावे येणारा तनखा तिच्या हातात फारसा उरत नसे, लहानशा घरात, गरिबीत तिने दिवस काढले आणि १९४७मध्ये ती गेली. मंडालेच्या सोन्याच्या राजवाड्यात जन्मलेली बाई आपल्या गावातली एक गरीब म्हातारी होऊन मेली.

टूटू इथेच वाढली, मराठी बोलली, इथेच संसार केला. शाळा नाही, इस्टेट नाही. लहानपणी आजी आम्हा मुलींना दटावताना थिबाच्या लेकीचा दाखला द्यायची. पायरी सोडली की असं होतं, हा तिचा धडा. आजीला दोष देत नाही. नवरा मुंबईत, पैसे पोस्टातून, आणि घराची अब्रू एकटीने राखायची, अशा बाईला दुसरा धडा कोण शिकवणार होतं? पण त्याच धड्यावर आपण नववीत हसलो. आणि तेव्हा टूटू जिवंत होत्या. याच गावात, आपल्या शाळेपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. २००० साली त्या गेल्या तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. मला तर बातमीही कळली नाही. तुमच्यातल्या काहींनी त्यांना पाहिलं असेल, बोललाही असाल. मी राजाच्या नातीच्या गावात राहून बाजारात त्यांच्या शेजारून गेले असेन आणि मला पत्ता नसेल.

डिसेंबर २०१२मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन समाधीचं दर्शन घ्यायला रत्नागिरीत आले होते. मी पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये टीव्हीवर ते पाहिलं. शेजारचा उत्तरेकडचा सहकारी विचारत होता की ही कुठली जागा. मी अभिमानाने सांगितलं, माझं गाव. आणि सांगता सांगता जाणवलं की मी स्वतः त्या समाधीपाशी कधी गेलेच नाही. शिवाजीनगरात आहे, आमच्या मावशीच्या घरापासून दहा मिनिटांवर. राजवाडा पाहिला, थिबा पॉइंटवर सूर्यास्त पाहून कुल्फी खाल्ली, शंभर वेळा. समाधी नाही.

आता आई घरी एकटी असते. कलमं कराराने दिली आहेत, फवारणी आणि मजुरी वजा जाता येतं ते बरंच थोडं. मी महिन्याच्या पाच तारखेला फोनवरून तिच्या खात्यात पैसे टाकते. आजीचं कॅलेंडर तिलाही लागलं आहे. भाऊ म्हणतो जागा विकू, भाव चांगला आहे, मुंबईचे लोक मागताहेत. आई हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. मी अजून काही ठरवलेलं नाही. मागच्या मे महिन्यात माझी चौदा वर्षांची लेक राजवाड्याच्या संग्रहालयात एका फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली आणि तिने विचारलं की थोरली राजकन्या परत का आली. मी तिला गोपाळबद्दल सांगितलं, टूटूबद्दल सांगितलं. ती हसली नाही.

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी कार्यक्रम दहाला सुरू होतो. मी सकाळी सातला शिवाजीनगरात समाधीपाशी असेन. डिसेंबरच आहे, त्याच्या जाण्याचा महिना. कोणी येणार असेल तर गटावर कळवा, इतिहासाच्या बाईंना आणायला माझी गाडी आहे. आईने दारातली अबोली द्यायचं कबूल केलं आहे.